फियाटचा सायलेन्सर : एका हरवत चाललेल्या सुट्या भागाचा इतिहास

१/
ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. वृत्तपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला. काळ्या-पिवळ्या रंगाच्या, टपावर सामान वाहणाऱ्या त्या गाडीच्या आठवणी सर्वत्र लिहिल्या गेल्या. मात्र त्याच सुमारास आणखी एक गोष्ट संपत चालली होती आणि तिची बातमी झाली नाही. ती गोष्ट म्हणजे या गाडीला नवा सायलेन्सर मिळण्याची शक्यता.

#थ्रेड

२/
वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटतो. सायलेन्सर म्हणजे गाडीच्या पोटाखाली लोंबणारा पत्र्याचा डबा. संग्रहालयात त्याच्याकडे कोणी पाहत नाही, छायाचित्रात तो दिसतही नाही. परंतु जुनी छोटी मोटार रस्त्यावर धावती राहते की अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते, याचा निर्णय पुष्कळदा याच डब्यावर येऊन ठेपतो. जुन्या वस्तू नेमके कोण टिकवून ठेवतो, या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याच इतिहासात सापडते.

३/
प्रथम या यंत्रभागाचे कार्य समजून घ्यावे. इंजिनात प्रत्येक ज्वलनानंतर तप्त वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे सेकंदाला १०० स्फोट होतात. सायलेन्सरच्या आत पडदे, कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. वायू त्यांतून वळणे घेत, प्रसरण पावत जातो. ध्वनिलहरी भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना क्षीण करतात. डबा रिकामा नसतो. त्याचे सारे कार्य या आतल्या रचनेतच असते.

४/
मोटारीच्या बाल्यावस्थेतच ही गरज जाणवली. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कोलंबस या गावी राहणाऱ्या मिल्टन व मार्शल रीव्हज या बंधूंना १८९७ साली इंजिनाचा आवाज मंद करणाऱ्या साधनाचे पेटंट मिळाले. पुढे १९११ मध्ये मिल्टन रीव्हजने आठ चाकांची मोटार बांधली आणि ती साफ अपयशी ठरली. त्याची ती अचाट गाडी इतिहासाच्या तळटीपेत गेली. साधा सायलेन्सर मात्र जगभर पोहोचला.

५/
प्रारंभीच्या काळात चालकांना हा भाग फारसा प्रिय नव्हता. वायूला अडथळा झाला की इंजिनाची ताकद थोडी घटते. म्हणून अनेक जुन्या गाड्यांत एक झडप असे. ती उघडली की वायू सायलेन्सरला वगळून थेट बाहेर पडे आणि गाडी गर्जना करीत चढ चढे. नागरिकांच्या तक्रारी वाढल्या तशा अनेक शहरांनी या झडपेवर बंदी घातली. अमेरिकन लोक या भागाला ‘मफलर’ म्हणतात, ब्रिटिश ‘सायलेन्सर’ म्हणतात. आपल्याकडे ब्रिटिशांचा शब्द रुजला.

६/
आता या कथेतील खलनायक. तो म्हणजे पाणी. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी निर्माण होते. इंजिन पुरेसे तापले असेल तर ही वाफ हवेत निघून जाते. गाडी थंड असेल तर तिचे पाणी होऊन ते सायलेन्सरच्या तळाशी साचते. हिवाळ्यातील सकाळी मागच्या नळीतून ठिबकणारे थेंब हेच.

७/
या पाण्यात इंधनातील गंधकापासून बनलेली संयुगे मिसळली की ते आम्लधर्मी होते. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा त्यापुढे किती काळ टिकणार? तो आतून सडतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि एके दिवशी सायलेन्सर ‘फाटतो’. म्हणूनच येथे एक विचित्र न्याय दिसतो. दिवसभर धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तापून कोरडा होतो. केवळ रविवारी दोन किलोमीटर फिरवल्या जाणाऱ्या, जिवापाड जपलेल्या गाडीचा मात्र आतल्या आत कुजत राहतो.

८/
याचा अर्थ असा की पन्नास-साठ वर्षांच्या कोणत्याही वापरातील छोट्या गाडीला तिचा मूळ सायलेन्सर असण्याचा संभव जवळपास नाही. इंजिनाचा ठोकळा टिकतो, दरवाजे टिकतात, घड्याळाची तबकडीही टिकते. सायलेन्सर मात्र वहाणेच्या तळव्यासारखा पुनःपुन्हा बदलावा लागतो. त्यामुळे त्याचा इतिहास हा एका वस्तूचा इतिहास राहत नाही. तो वस्तू पुन्हा पुन्हा घडवणाऱ्या बाजाराचा आणि कारागिरांचा इतिहास होतो. त्यासाठी मुंबईतील कुर्ल्याकडे वळावे लागते.

९/
सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ यांसारख्या मोठ्या गाड्या जोडल्या गेल्या. परंतु स्वतंत्र भारताच्या रस्त्यांना आणि खिशाला लहान गाडी हवी होती. ती इटलीच्या तोरिनो शहरातून, फियाट कंपनीकडून आली.

१०/
१९५३ चा टॅरिफ कमिशनचा अहवाल या कथेत निर्णायक ठरला. परदेशी सुटे भाग आणून येथे केवळ गाडी जोडायची, हा उद्योग पुढे चालणार नव्हता. देशातच निर्मिती करण्याची तयारी असणाऱ्यांनाच स्थान मिळणार होते. शिवडी येथे १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि पाठोपाठ फोर्डनेही १९५४ च्या सुमारास भारतातील काम आवरते घेतले. उरलेल्या कंपन्यांना एकेक भाग देशात बनवणे भाग पडले.

११/
त्याच १९५४ मध्ये फियाट ११०० भारतात आली. इटालियन लोक तिला ‘मिलेचेंतो’, म्हणजे ‘अकराशे’ म्हणत. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टीअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, असे तिचे रूप होते. इटलीत ही गाडी १९६० च्या दशकातच इतिहासजमा झाली. मुंबईत तिचेच पुढचे रूप विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिले.

१२/
नावे बदलत गेली. १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘डिलाइट’ आली, १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि त्यानंतर चितोडच्या राणीच्या नावावरून ‘पद्मिनी’. पुढची जाळी, दिवे, आतील सजावट यांत फेरफार झाले. मूलभूत सांगाडा मात्र तोच राहिला. ज्याला आज टीकाकार तंत्रज्ञानाचे साचलेपण म्हणतात, त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. काही दशकांच्या अंतराने बनलेल्या गाड्यांचे पुष्कळ सुटे भाग एकमेकींना चालू लागले.

१३/
सुट्या भागांचे जग दोन थरांचे होते. एक ‘कंपनीचा’ माल, अधिकृत विक्रेत्याकडचा. दुसरा ‘लोकल’, लहानशा शेडमध्ये पत्रा वळवून बनवलेला. परवाना पद्धतीच्या काळात परदेशातून भाग मागवणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेरचे होते. सायलेन्सर बनवण्यास ओतकामाची भट्टी लागत नाही. पत्रा कापणारे यंत्र, रोलर आणि वेल्डिंगचा संच पुरतो. त्यामुळे त्याची नक्कल सर्वांत सोपी होती आणि ती मोठ्या प्रमाणावर झाली.

१४/
या बाजाराचा खरा आधारस्तंभ होता टॅक्सीचालक. मुंबईत हजारोंच्या संख्येने या गाड्या टॅक्सी म्हणून धावत. खड्डे, गतिरोधक, समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणी, या साऱ्यांचा पहिला तडाखा गाडीच्या सर्वांत खाली असलेल्या डब्याला बसे. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडे. म्हणून सायलेन्सर त्याच दिवशी, परवडणाऱ्या दरात आणि जवळच्या दुकानात मिळणे आवश्यक होते. आणि तो तसा मिळत असे.

१५/
या शतकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरातील जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळवण्यात आल्या. हवा स्वच्छ होण्यास त्याची मदत झाली. पण रसायनशास्त्राचा हिशोब पाहिला तर एक किलो मिथेन जळताना सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होते. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या तुलनेत दीडपटीहून अधिक. पत्र्याच्या डब्याचे काम हलके झाले नाही आणि त्याची मागणीही अखंड राहिली.

१६/
टॅक्सीचे महत्त्व किती, हे तुलनेने स्पष्ट होते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीची ‘हेरल्ड’ ही देखणी छोटी गाडी १९६१ मध्ये आली, पुढे तिची ‘गॅझेल’ झाली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून तिचा मोठा प्रसार झाला नाही. खासगी मालकांनी गाड्या विकल्या वा मोडीत काढल्या, तसा तिच्या सुट्या भागांचा बाजारही आटला. फियाट टिकली, कारण ती रोज झिजवली जात होती.

१७/
युरोपात वेगळे चित्र दिसते. १९५७ ते १९७५ या काळातील फियाट ५०० च्या पस्तीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आज त्या गाडीसाठी नवा सायलेन्सर सहज विकत मिळतो. ब्रिटनमधील मॉरिस मायनरसाठी साध्या पोलादाचा आणि गंजरोधक पोलादाचा, असे दोन्ही पर्याय उपलब्ध असतात. तेथे हौशी मालकांची संख्या आणि क्रयशक्ती इतकी आहे की केवळ हौसेवर कारखाना चालू शकतो. भारतात ते काम उपजीविकेने केले.

१८/
कुर्ल्यातील पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मारुतीने १९८३ पासून बाजाराचे रूपच पालटले होते. उत्पादन थांबले की अधिकृत भागांचा साठा आधी संपतो आणि मग शोध सुरू होतो. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील स्पेअर पार्ट्सची दुकाने, कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोर बाजार. बाहेर दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट. जुन्या गाड्यांच्या मालकांचा हा एक स्वतंत्र नकाशाच आहे.

१९/
मात्र सायलेन्सरच्या बाबतीत भंगार बाजार फारसा उपयोगी पडत नाही. भंगारातून दरवाजा, दिवा, गिअरबॉक्स मिळू शकतो. वापरलेला सायलेन्सर तेथे आला तरी तो आतून सडलेलाच असतो. उपयोग होतो तो एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर, कागदात गुंडाळून राहिलेल्या न वापरलेल्या मालाचा. तोही मिळेनासा झाला की दोनच मार्ग उरतात. दुसऱ्या गाडीचा जवळच्या मापाचा सायलेन्सर बसवणे किंवा नवा घडवून घेणे.

२०/
दुसऱ्या गाडीचा बसवणे दिसते तितके सरळ नाही. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीचा व्यास, डब्याची लांबी, दोन्ही तोंडे मध्यावर आहेत की कडेला, आणि रबरी पट्ट्यांनी टांगण्याच्या जागा, ही सारी मापे जुळावी लागतात. मार्ग फार अरुंद झाला तर वायू मागे रेटला जातो, इंजिन तापते आणि ताकद घटते. फार मोकळा झाला तर गाडी छोटी आणि आवाज ट्रॅक्टरचा, अशी अवस्था होते.

२१/
म्हणून अखेर मिस्त्रीकडे जावे लागते. जुना सायलेन्सर उभा कापला जातो, तेव्हा आतले पडदे किती, भोके कोठे, नळ्या कशा वळल्या आहेत, हे दिसते. त्याबरहुकूम नवा पत्रा वळवला जातो, कडा एकमेकींत दुमडल्या जातात, टोके वेल्ड होतात. या कामाचा लेखी आराखडा सहसा नसतो. हातांना माप ठाऊक असते. सडलेला नमुनाच नकाशा असतो आणि तो फेकून दिला तर पुढच्या कारागिराजवळ काहीच उरत नाही.

२२/
२०२१ मध्ये केंद्र सरकारने दोन परस्परविरोधी भासणारी पावले उचलली. जुलैमध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ऑगस्टमध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. एका पावलाने जुन्या गाडीला मान दिला. दुसऱ्याने अधिकृत केंद्रांतून गाड्या मोडण्याची वाट घालून दिली. मेरठचा सोतीगंज हा चोरीच्या गाड्यांसाठी कुप्रसिद्ध झालेला भागांचा बाजारही त्याच वर्षी डिसेंबरात पोलिसांनी बंद केला.

२३/
व्हिंटेज नियमांतील शब्दरचना लक्षणीय आहे. चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, असे त्यात म्हटले आहे. सायलेन्सरचा उल्लेख नाही. दुसरीकडे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो मूळचा असण्याची अट नाही, पण तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वारशाच्या व्याख्येत ज्याला जागा नाही, त्याच्यावाचून वारसा धावू शकत नाही.

२४/
येथे काळाचा योगायोग पाहावा. मुंबईत टॅक्सींसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती थांबली. पद्मिनी हे नाव धारण करणाऱ्या पहिल्या गाड्यांना त्याच सुमारास पन्नास वर्षे पूर्ण होत होती. पद्मिनी कायद्याने ‘व्हिंटेज’ होऊ लागली त्याच वेळी तिला रोज दुरुस्त करणारे जग विसर्जित झाले.

२५/
टॅक्सीचालकाने कधी वारसा जपण्याची भाषा केली नाही. त्याला गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर हवी होती. पण त्याच्या त्या गरजेने दुकान चालले, दुकानाने शेड चालवली, शेडने कारागीर सांभाळला आणि त्या कारागिराच्या भरवशावर शहरातील हौशी मालकांच्या चकचकीत फियाटही धावत राहिल्या. आता एखाद्या शेडकडे वर्षाकाठी दोन-चार सायलेन्सरचेच काम आले, तर त्यासाठी पत्रा कापण्याचे साचे ठेवणे तिला परवडत नाही. जुनी गाडी दुर्मीळ होत जाते तशी तिची किंमत वाढते, पण तिला सांभाळणाऱ्या कामाची किंमत त्या प्रमाणात वाढतेच असे नाही.

२६/
जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या तोरिनो सनदेत दुरुस्तीची नोंद ठेवण्यावर भर दिला आहे. ही सनद ज्या शहराच्या नावाने ओळखली जाते, तेथूनच फियाट निघाली होती. भारतातील फियाटसाठी त्या नोंदीचा अर्थ अगदी साधा आहे. सायलेन्सर बदलताना जुना कापून पाहावा, मापे लिहून ठेवावीत, छायाचित्रे घ्यावीत, पत्र्याची जाडी नोंदवावी आणि काम कोणत्या वर्षी व कोणाकडून झाले, तेही लिहावे. गाडीच्या कागदपत्रांइतकीच ही वही मोलाची आहे.

२७/
राजवाडे आणि किल्ले यांच्या इतिहासात डागडुजी करणाऱ्या गवंड्यांची नावे क्वचित सापडतात. यंत्रयुगाच्या वारशाबाबत तीच चूक टाळण्यास अजून थोडा अवधी आहे. ज्या हातांनी पद्मिनीचे सायलेन्सर घडवले त्यांपैकी काही हात आजही गॅरेजमध्ये काम करीत आहेत. त्यांना आतल्या नळ्यांची वळणे तोंडपाठ आहेत. ती कागदावर उतरली, तर पुढची फियाट सुरू करताना कोणाला अंदाजाने पत्रा कापावा लागणार नाही.

(समाप्त)